आंदालुसियाला स्वतःच्या बळावर: दक्षिण स्पेनला पहिल्यांदा निघालेल्यांसाठी

स्पेन म्हटलं की आपल्याकडे बार्सिलोना आणि माद्रिद एवढंच डोळ्यांपुढे येतं. टूरवाल्यांच्या कार्यक्रमात दक्षिणेच्या वाट्याला जेमतेम दीड दिवस येतो: दुपारी सेव्हिया, दुसऱ्या दिवशी ग्रानादात दोन तास, आणि बस पुढे. खरं तर बघण्यासारखं, खाण्यासारखं आणि उन्हात निवांत बसण्यासारखं जे काही आहे ते याच भागात आहे. आंदालुसिया म्हणजे स्पेनचा दक्षिणेकडचा आठ जिल्ह्यांचा प्रदेश. सेव्हिया, कोर्दोबा, ग्रानादा, मालागा, कादिझ, उएल्वा, हाएन आणि आल्मेरिया हे ते आठ. सन ७११ मध्ये इथे अरब-बर्बर फौजा उतरल्या आणि १४९२ मध्ये ग्रानादाचं शेवटचं मुस्लिम राज्य बुडालं. मधल्या जवळजवळ आठशे वर्षांचा ठसा इमारतींवर, बागांवर आणि ताटातल्या पदार्थांवरही आहे.

टूर न घेता स्वतः जाणं इथे अजिबात अवघड नाही. नवख्या माणसाचा घोळ होतो तो कामांच्या क्रमात. विमानाचं तिकीट स्वस्त मिळालं म्हणून आधी तेच काढायचं, मग हॉटेल, मग व्हिसा, आणि शेवटी आठवण येते ती अलांब्राची, म्हणजे ग्रानादातल्या मुस्लिम राजांच्या किल्ल्या-राजवाड्यांची. तोवर तिथली तिकिटं संपलेली असतात. म्हणून खाली सगळं ज्या क्रमाने करायला हवं त्याच क्रमाने लिहिलंय.

१. महिना ठरवा

एप्रिल-मे किंवा सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर. शाळेत जाणारी मुलं असतील तर आपली मे महिन्याची सुट्टी अगदी नेमकी बसते आणि दिवाळीची सुट्टीही चालते. फक्त नोव्हेंबरात पाऊस येऊ शकतो आणि दिवस लहान होतो.

जुलै-ऑगस्ट टाळा. "आपल्याला उन्हाची सवय आहे" असं म्हणणारे बरेच भेटतात. कोर्दोबा जिल्ह्यातल्या ला राम्ब्ला गावात १४ ऑगस्ट २०२१ रोजी ४७.६ अंश तापमान नोंदलं गेलं होतं. त्या उन्हात दगडी गल्ल्यांतून दिवसभर पायी फिरायचं आहे, हे लक्षात घ्या. शिवाय जूनअखेरीस सूर्य मावळतो पावणेदहाच्या सुमारास, त्यामुळे संध्याकाळी सहालाही ऊन भाजतं. स्थानिक लोक दुपारी दोन ते पाच घराबाहेर पडत नाहीत, ते उगाच नाही.

वसंतातही तीन तारखा बघून घ्या. ईस्टरच्या आधीचा आठवडा, म्हणजे सेमाना सांता, दरवर्षी मार्च-एप्रिलमध्ये सरकतो. सेव्हियात तेव्हा मिरवणुका रात्र-रात्र चालतात, हॉटेलांचे दर दुप्पट-तिप्पट होतात आणि रस्ते बंद असतात. त्यानंतर साधारण दोन आठवड्यांनी सेव्हियाची फेरिया, म्हणजे मोठी जत्रा, असते. तिथले बहुतेक मांडव खासगी, आमंत्रणाशिवाय आत घेत नाहीत, त्यामुळे नवख्याने फक्त फेरियासाठी जाऊ नये. तिसरी तारीख मात्र मुद्दाम गाठावी अशी आहे: मेच्या पहिल्या पंधरवड्यात कोर्दोबातले लोक आपली घरची अंगणं सजवून पाहुण्यांना उघडी करतात. पांढऱ्या भिंतींवर निळ्या कुंड्यांच्या रांगा आणि लांब काठीला बांधलेल्या डब्याने त्यांना पाणी घालणाऱ्या आजीबाई. युनेस्कोने २०१२ मध्ये या अंगणांच्या उत्सवाला अमूर्त वारशात घेतलं.

२. आधी लगीन अलांब्राचं

महिना ठरला की विमान, हॉटेल सगळं बाजूला ठेवा आणि ग्रानादातल्या अलांब्राच्या अधिकृत संकेतस्थळावर तारखा बघा. रोज ठरावीक लोकांनाच आत सोडतात, आणि सुट्ट्यांच्या दिवसांत तिकिटं कित्येक आठवडे आधी संपतात. तुमची ग्रानादाची तारीख हे तिकीट ठरवणार, आणि बाकीचा प्रवास त्या तारखेभोवती रचायचा.

इथे पाच गोष्टी नीट बघा.

पहिली: तिकीट कोणतं घेताय. सर्वसाधारण तिकिटात नासरी राजवाडे (नासरी हे ग्रानादाचं शेवटचं मुस्लिम राजघराणं), आल्काझाबा हा किल्ल्याचा भाग आणि हेनेरालिफेच्या बागा, असं सगळं येतं. त्याच्याच खाली "बागा, हेनेरालिफे आणि आल्काझाबा" असं स्वस्त तिकीट दिसतं. त्यात राजवाडे नसतात. राजवाड्यांची संपली की लोक हेच घेऊन मोकळे होतात आणि दारापाशी गेल्यावर कळतं की ज्यासाठी आलो तेच बघता येणार नाही. सिंहांचं अंगण, त्यातले कारंज्याखालचे बारा संगमरवरी सिंह, मधमाशांच्या पोळ्यासारखं कोरलेलं छत, हे सगळं नासरी राजवाड्यांतच आहे.

दुसरी: राजवाड्यात शिरायची वेळ. ही तिकिटावर छापलेली असते आणि ती चुकली की आत घेत नाहीत. विनवण्या केल्या तरी नाहीत. मुख्य प्रवेशद्वारापासून राजवाड्यापर्यंत चालायलाच पंधरा मिनिटं लागतात. ज्येष्ठ मंडळी बरोबर असतील तर पाऊण तास हाताशी ठेवा.

तिसरी: तिकीट नावावर निघतं आणि पासपोर्टचा क्रमांक द्यावा लागतो. दारावर मूळ पासपोर्ट मागतात, मोबाइलमधला फोटो दाखवून भागेल असं धरून चालू नका. पासपोर्टची मुदत संपत आली असेल तर आधी नूतनीकरण करा, नाहीतर तिकिटावर एक क्रमांक आणि हातात दुसरा.

चौथी: हुबेहूब अधिकृत दिसणारी दलालांची संकेतस्थळं शोधयंत्रात सगळ्यात वर येतात. भाव दुपटीच्या आसपास दिसला की समजा चुकीच्या दारात आलात. सरकारी दर वीस युरोंच्या जवळपास असतो. अधिकृत तिकिटं खरंच संपली असतील तर मात्र मार्गदर्शकासह मिळणारी सहल घ्यायला हरकत नाही.

पाचवी शंका सगळ्यांनाच येते: व्हिसा हातात नसताना तिकीट काढायचं का? माझं मत, काढायचं. व्हिसा नाकारला तर माणशी वीस युरो बुडतील. पण व्हिसा मिळाल्यावर तिकीट नसेल तर अर्धी सहलच हुकली.

३. मार्ग आखा, आणि हावरटपणा करू नका

नऊ-दहा रात्री हाताशी असतील तर सेव्हियाला तीन, कोर्दोबाला एक, ग्रानादाला दोन किंवा तीन आणि मालागा-नेर्हा किनाऱ्याला तीन. सेव्हियाहून किंवा मालागाहून रोंदा हे दरीवरचं गाव एका दिवसात होतं. यात बार्सिलोना घुसवायचं नाही. पॅरिस तर नाहीच. रोज सकाळी बॅग भरायची आणि रोज संध्याकाळी उघडायची, याला सहल म्हणत नाहीत.

शक्य असेल तर येताना एका शहरात उतरा आणि जाताना दुसऱ्या शहरातून निघा. माद्रिदला उतरून वेगवान रेल्वेने सेव्हिया गाठलं आणि शेवटी मालागाहून विमान पकडलं, तर एकही रस्ता दोनदा करावा लागत नाही.

४. व्हिसा

शेंगेन पर्यटक व्हिसा लागतो, म्हणजे स्पेनसह युरोपातल्या बऱ्याच देशांत चालणारा एकच व्हिसा. स्पेनचे अर्ज आपल्याकडे बीएलएस इंटरनॅशनलच्या केंद्रांत घेतात आणि निर्णय वकिलात देते. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि निदान पंधरा दिवस आधी तरी करायलाच लागतो. पण पंधरा दिवसांवर ठेवू नका. निकाल साधारण पंधरा दिवसांत लागत असला तरी नियमाप्रमाणे पंचेचाळीस दिवसांपर्यंत लांबू शकतो, आणि मेच्या सुट्टीसाठी मार्च-एप्रिलमध्ये भेटीची वेळच मिळत नाही. डिसेंबर-जानेवारीत तयारीला लागलेला माणूस सुखी.

शुल्क प्रौढांना ९० युरो, सहा ते अकरा वर्षांच्या मुलांना ४५, सहा वर्षांखालच्यांना माफ. केंद्राचं सेवाशुल्क वेगळं. तिथे कुरिअर, एसएमएस, खास खोलीत बसायची सोय असं बरंच काही विकत घ्यायला सुचवतात. ते ऐच्छिक असतं, नको म्हणा.

कागदपत्रं:

- पासपोर्ट: गेल्या दहा वर्षांत दिलेला, परतीच्या तारखेनंतर किमान तीन महिने मुदत असलेला, दोन कोरी पानं असलेला. जुने पासपोर्टही बरोबर न्या.
- भरलेला अर्ज आणि पांढऱ्या पार्श्वभूमीवरचे ३५ × ४५ मिमी मापाचे ताजे फोटो
- कव्हरिंग लेटर: कुठे, कधी, कोणाबरोबर, खर्च कोण करणार
- जाण्या-येण्याचं विमान आरक्षण
- प्रत्येक रात्रीचं हॉटेल आरक्षण, सगळ्यांची नावं असलेलं
- प्रवास विमा: किमान ३०,००० युरोंचा, सर्व शेंगेन देशांत चालणारा, सगळ्या तारखा धरणारा
- बँकेचं सहा महिन्यांचं स्टेटमेंट, बँकेच्या सही-शिक्क्यासह
- आयकर विवरणपत्रं
- नोकरदार: पगारपत्रकं आणि कंपनीचं रजामंजुरीचं पत्र. व्यावसायिक: जीएसटी किंवा उद्यम नोंदणी. निवृत्त: पेन्शनचा कागद. विद्यार्थी: बोनाफाईड.
- मुलांसाठी जन्मदाखला, आणि आई-वडिलांपैकी एकच बरोबर असेल तर दुसऱ्याचं संमतीपत्र

अर्ज कोणत्या देशाकडे करायचा, याचा नियम साधा आहे: जिथे सगळ्यात जास्त रात्री राहणार त्या देशाकडे. "अमुक वकिलात लवकर देते" असं ऐकून भलतीकडे अर्ज करू नका. हॉटेलची यादी आणि अर्ज यांत विसंगती दिसली तर नकाराला आयतं कारण मिळतं.

नकाराची कारणं बहुतेक वेळा साधीच असतात. अर्जाच्या आठवडाभर आधी खात्यात अचानक पाच लाख येऊन पडलेले दिसतात. रजेच्या पत्रातल्या तारखा विमानाच्या तारखांशी जुळत नाहीत. अकरा रात्रींच्या प्रवासात हॉटेल दहाच रात्रींचं. पैसे मुलाने किंवा सासऱ्यांनी दिले असतील तर लपवू नका, त्यांचं पत्र आणि स्टेटमेंट जोडा. विमानाचं पक्कं तिकीट व्हिसाआधी काढायची गरज नसते, आरक्षण पुरतं. हॉटेलही रद्द करता येईल असंच घ्या.

बोटांचे ठसे घेतात, म्हणून प्रत्येकाला स्वतः जावं लागतं. मागच्या ५९ महिन्यांत शेंगेनसाठी ठसे दिले असतील तर ते पुन्हा वापरता येतात. आणि आधी शेंगेनला जाऊन आलेल्यांसाठी चांगली बातमी: एप्रिल २०२४ पासून भारतीयांसाठी नियम सैल झालेत. तीन वर्षांत दोन व्हिसे नीट वापरले असतील तर दोन वर्षांचा आणि त्यानंतर पाच वर्षांचा अनेकदा-प्रवेशाचा व्हिसा मिळू शकतो. जुन्या व्हिशांच्या प्रती जोडायला म्हणूनच विसरू नका.

व्हिसा हातात आला की तिथल्या तिथे तीन गोष्टी वाचा: तारखा, मुक्कामाचे दिवस आणि प्रवेश किती वेळा. एकदाच प्रवेश असेल तर दक्षिण टोकाच्या तारिफा बंदरातून फेरीबोटीने मोरोक्कोतल्या तांजियरला "सकाळी जाऊन संध्याकाळी परत" हा बेत सोडून द्या. फेरीत चढलात की शेंगेनबाहेर पडलात आणि परत येता येणार नाही. मोरोक्कोचा व्हिसा वेगळा लागतो, ते आणखी निराळं.

५. विमान

मुंबईहून आखातातून किंवा इस्तंबूलमार्गे जाणं सोयीचं. इस्तंबूलहून थेट मालागाला विमानं आहेत. जर्मनीमार्गे गेलात तर इमिग्रेशन फ्रँकफुर्ट-म्युनिकलाच होतं, स्पेनमध्ये नाही. ऑक्टोबर २०२५ पासून शेंगेनच्या सीमांवर नवी नोंदणी पद्धत आली आहे: शिक्क्याऐवजी बोटांचे ठसे आणि चेहऱ्याचा फोटो. पहिल्या वेळी याला वेळ लागतो आणि रांगा वाढतात. पुढच्या विमानाला दीड तासच असेल तर ते तिकीट घेऊ नका, अडीच-तीन तास हवेत.

लंडनमार्गे स्वस्त दिसलं तरी थांबा. शेंगेन पर्यटक व्हिसा असूनही ब्रिटनचा ट्रान्झिट व्हिसा वेगळा लागू शकतो.

६. तिथल्या तिथे फिरणं

सेव्हिया-कोर्दोबा वेगवान रेल्वेने पाऊण तास, कोर्दोबा-मालागा तासाभरात. रेन्फे ही सरकारी कंपनी. माद्रिदहून दक्षिणेकडे इर्यो आणि उईगो या दुसऱ्या कंपन्यांच्या गाड्याही धावतात. तिकीट जितकं लवकर काढाल तितकं स्वस्त, आणि फरक तिपटीपर्यंत जातो. वेगवान गाडीआधी सामान स्कॅन होतं आणि गाडी सुटायच्या काही मिनिटं आधी फाटक बंद होतं. चालत्या गाडीत चढायची आपली सवय इथे कामाची नाही.

ग्रानादा-मालागा, मालागा-नेर्हा, मालागा-रोंदा यांसाठी बसच बरी. बसस्थानकं स्वच्छ असतात आणि बस सुटायच्या वेळेला सुटते. मालागा विमानतळावरून गावात यायला लोकल आहे, दहा-बारा मिनिटांत पोचवते. टॅक्सी करू नका.

गाडी भाड्याने घ्यायची ती फक्त डोंगरातली पांढरी गावं आणि आल्मेरियातल्या काबो दे गाताचा किनारा यांसाठी. आपल्या आरटीओकडून आंतरराष्ट्रीय परवाना काढून न्या. मूळ परवानाही जवळ हवा. शहरात गाडी घेऊन शिरू नका. सेव्हिया, कोर्दोबा, ग्रानादाच्या जुन्या भागांत रहिवाशांखेरीज इतरांना गाडी न्यायला बंदी असलेले रस्ते आहेत. तिथे कॅमेरे असतात आणि दंडाचं पत्र भाड्याच्या कंपनीमार्फत तुमच्यापर्यंत पोचतं, वर कंपनीचं हाताळणीशुल्क. गाडी त्याच दिवशी घ्या ज्या दिवशी शहर सोडणार.

७. कुठे किती वेळ

*सेव्हिया.* राजवाडा, म्हणजे रेआल आल्काझार, सकाळच्या पहिल्या वेळेला गाठा आणि तिकीट आधी ऑनलाइन काढा. इथे स्पेनचा राजा आला की अजूनही वरच्या मजल्यावर उतरतो. खालच्या दालनांतल्या फरशांवर जरा वाकून बघा: एकेक तुकडा हाताने कापून बसवलेला, आणि सांध्याला नख लावलं तरी अडकत नाही. समोर कॅथेड्रल, तिथे कोलंबसाची शवपेटी स्पेनमधल्या चार राज्यांची प्रतीकं असलेले चार पुतळे खांद्यावर घेऊन उभे आहेत. शेजारचा हिराल्दा मनोरा, म्हणजे पूर्वीच्या मशिदीचा मिनार, शंभर मीटरहून उंच, पण वर जायला पायऱ्या नाहीत. एकूण ३५ उतरण्या आहेत, कारण बांग द्यायला घोड्यावरून जाता यावं. अगदी टोकाला तेवढ्या काही पायऱ्या आहेत. गुडघे दुखणाऱ्यांनाही म्हणून जमतं. संध्याकाळी नदी ओलांडून त्रियाना या जुन्या वस्तीत जा.

फ्लामेन्को हा इथला गाणं-नाचाचा प्रकार बघायचा तर छोट्या जागेत बघा, जेवणासह मोठ्या हॉलमध्ये नको. टाळ्यांचा ताल हा कलाकारांच्या कामाचा भाग आहे, आपण मध्ये टाळ्या धरू नयेत. दाद द्यायची ती "ओले" म्हणून.

*कोर्दोबा.* बहुतेक लोक सेव्हियाहून सकाळी येऊन संध्याकाळी परततात. एक रात्र राहा. मेस्किता ही मशीद ७८५ च्या सुमारास सुरू झाली, दोनशे वर्षं वाढत गेली. १२३६ मध्ये गाव ख्रिस्ती राजाकडे गेल्यावर ती चर्च झाली आणि सोळाव्या शतकात ऐन मधोमध कॅथेड्रल उभं राहिलं. आठशेहून जास्त खांब, त्यांवर लाल-पांढऱ्या दुहेरी कमानी. रविवार सोडून सकाळी साडेआठ ते साडेनऊ एकट्या-दुकट्या पाहुण्यांना फुकट प्रवेश देतात (जाण्याआधी एकदा तपासा). फुकट हा भाग सोडा. त्या तासात गटांना घेत नाहीत, म्हणून शांतता असते. तिथे राहिल्याशिवाय ही वेळ साधत नाही.

*ग्रानादा.* अलांब्राला सकाळचा अर्धा दिवस पूर्ण द्या. हेनेरालिफेत वरच्या अंगाला एक जिना आहे, त्याच्या दोन्ही बाजूंचे कठडे म्हणजे कौलांचे पन्हाळ, आणि त्यांतून पाणी खळखळत खाली येतं. हात ठेवावा तिथे पाणी. दार्रो नदीचं पाणी सहाएक किलोमीटरवरून कालव्याने आणून डोंगरावर चढवलं होतं, तोच हा खेळ. संध्याकाळी समोरच्या आल्बाइसिन वस्तीतून अलांब्रा बघतात. सान निकोलासचा चौक प्रसिद्ध आहे म्हणून तिथे खच्चून गर्दी. थोडं आधी गेलात तर कठड्यावर जागा मिळते. त्या गल्ल्या गोट्यांच्या आणि चढाच्या आहेत, चाकांच्या बॅगा घेऊन तिथे मुक्काम करू नका.

*किनारा.* मालागात पिकासोचा जन्म झाला (१८८१) आणि त्याचं चांगलं संग्रहालय आहे. तिथून बसने नेर्हा, नेर्हाहून डोंगरात सहा किलोमीटरवर फ्रिहिलियाना. या गावात उसाच्या रसाची काकवी बनवणारा कारखाना अजून चालतो; युरोपच्या मुख्य भूमीवर असा दुसरा उरलेला नाही. ऊस अरबांनी आणला आणि या किनाऱ्यावर शतकानुशतकं पिकला. समुद्रात उतरायच्या बाबतीत एवढंच: मे महिन्यातही पाणी चांगलंच गार असतं.

*रोंदा.* दरीवरचा पूल १७९३ मध्ये पुरा झाला, खाली जवळजवळ शंभर मीटरची खोली. पुलावरून फोटो काढून परतू नका. खालच्या पायवाटेने उतरून पूल बघायचा असतो. पायांत बरे बूट हवेत.

८. पोटापाण्याचं

वेळापत्रक आधी समजून घ्या. दुपारचं जेवण दोन ते चार, रात्रीचं नऊनंतर. मध्ये साडेचार ते आठ स्वयंपाकघर बंद. आपल्या साडेसातच्या भुकेला तिथे उत्तर नाही, म्हणून बॅगेत खाखरे, चिवडा असू द्या. रविवारी बहुतेक सुपरमार्केट बंद असतात. दूध, फळं शनिवारीच घ्या. नळाचं पाणी पिण्याजोगं आहे.

शाकाहाऱ्यांनी घाबरू नये, पण सावध राहावं. "सिन कार्ने", म्हणजे मांस नको, एवढं म्हणून भागत नाही. डुकराच्या मांडीचं खारवलेलं हामोन आणि ट्यूना मासा हे अनेकांच्या लेखी मांसात धरले जात नाहीत. म्हणून पूर्ण म्हणा: "सिन कार्ने, सिन हामोन, सिन पेस्कादो", आणि अंडं नको असेल तर "सिन उएवो". कागदावर स्पॅनिशमध्ये लिहून नेलंत तर सगळ्यात उत्तम.

काय मागवायचं? बेरेन्हेनास कोन मिएल दे कान्या: वांग्याचे तळलेले काप, त्यांवर काकवीची धार. आपण वांग्याचे काप इतकी वर्षं खातोय, काकवी कशी सुचली नाही कोण जाणे. सेव्हियात एस्पिनाकास कोन गार्बान्सोस, म्हणजे काबुली चण्यातला पालक, आणि त्यात चक्क जिरं. मालागात आहोब्लांको हे बदाम-लसणाचं गार सूप, वर द्राक्षं. कोर्दोबात साल्मोरेहो हे टोमॅटो-पावाचं दाट गार सूप. त्यावर हामोन आणि उकडलेलं अंडं भुरभुरतात, आधी सांगितलं नाही तर येणारच. सकाळी टोस्टावर किसलेला टोमॅटो आणि ऑलिव्ह तेल. तोर्तिया म्हणजे इथे अंडं-बटाट्याचा जाड थर, मेक्सिकोची पोळी नव्हे. क्रोकेतास या तळलेल्या गोळ्यांत बहुधा हामोन असतं. मिश्र सॅलडमध्ये बहुतेक वेळा ट्यूना असतो.

मासे खाणाऱ्यांची चैन आहे. मालागाच्या किनाऱ्यावर वाळूने भरलेल्या जुन्या होडीत लाकडं पेटवतात आणि काडीला ओवलेल्या सार्डिन, आपल्या तारल्यांच्या जातीतल्या, निखाऱ्यांशेजारी तिरप्या खोचून भाजतात. वर फक्त मीठ. हातांनी खायच्या.

दुपारी "मेनू देल दिया" विचारा: दोन पदार्थ, पाव, गोड आणि पेय ठरावीक किमतीत. ग्रानादात पेय मागवलं की बरोबर एक तापा, म्हणजे छोटीशी खाण्याची बशी, फुकट येतो; "वेहेतारियानो" असं आधीच सांगा. टिप सक्तीची नाही.

९. पैसा, फोन आणि भामटे

फॉरेक्स कार्ड आणि थोडी रोकड पुरते. कार्ड मशीन "रुपयात घेऊ की युरोत" विचारतं तेव्हा नेहमी युरो. रुपयात घेतलं तर दर त्यांच्या मर्जीचा. फोनसाठी ई-सिम इथूनच घेऊन जा. दोन बारीक गोल पिनांचा चार्जर चालतो, तीन पिनांना अडॅप्टर हवा.

सेव्हिया आणि ग्रानादाच्या कॅथेड्रलबाहेर रोझमेरीची डहाळी हातात देणाऱ्या बायका असतात. डहाळी घेतली की लगेच हात धरून भविष्य सांगायला लागतात आणि मग पैसे मागतात, नोटच मागतात, नाणी नको म्हणतात. हात खिशात ठेवा, "नो ग्रासियास" म्हणा, चालत राहा. गर्दीत बॅग पुढे घ्या. मूळ पासपोर्ट फक्त अलांब्राच्या दिवशी आणि शहर बदलताना जवळ ठेवा, इतर दिवशी हॉटेलच्या तिजोरीत. सगळी आपत्कालीन मदत एकाच क्रमांकावर: ११२.

१०. परतताना

हाएन जिल्हा ऑलिव्ह तेलासाठी जगात पहिला. तेल पत्र्याच्या डब्यात घ्या, काचेच्या बाटलीत नको, आणि चेक-इन बॅगेत कपड्यांमध्ये गुंडाळा. हातातल्या बॅगेत सुरक्षा तपासणीला काढून घेतात. चामड्याच्या वस्तू, कपडे, सिरॅमिक घेताना दुकानात पासपोर्ट दाखवून करपरताव्याचा "दिवा" फॉर्म मागा. स्पेनमध्ये त्यासाठी किमान खरेदीची अट नाही. विमानतळावर दिवाचं यंत्र असतं, त्यावर फॉर्म स्कॅन करायचा तो बॅग चेक-इनला देण्याआधी. अधिकाऱ्याला वस्तू बघायची झाली तर ती हाताशी हवी. जर्मनीमार्गे परतत असाल तर शिक्का तिथल्या विमानतळावर, म्हणजे युरोपीय संघ सोडता तिथे, घ्यावा लागू शकतो. दुकानदाराला फॉर्म देतानाच विचारून ठेवा.